कै. डॉक्टर रखमाबाई : लग्नाची गांठ आणि दिवाणी कोर्ट

लग्न लागतें तें कोठें भटजीच्या मंत्रांनीं, कोठें काझीच्या साक्षीनें, तर कोठें मंडळीसमक्ष पाळकाच्या प्रार्थनेनें. परंतु त्याच लग्नांत पुढें तंटा उपस्थित झाला म्हणजे नवराबायकोस दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. तेथें बसलेला न्यायाधीश हा धर्मगुरु नव्हे. मग धर्मविधीनें बांधलेल्या गांठीचा अर्थ त्यानें कसा करावा? लग्न रीतीप्रमाणें झालें किंवा नाहीं एवढेंच त्यानें ठरवावें, कीं एकानें दुसऱ्याच्या घरीं जाऊन नांदलेंच पाहिजे असाही हुकूम सोडावा? हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांत ज्या एका बाईंच्या नांवानें गाजला, त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ह्या बाई म्हणजे डॉक्टर रखमाबाई. त्यांस वारून आज अनेक वर्षें लोटलीं. तरी त्यांनीं कोर्टापुढें टाकलेला प्रश्न अद्यापि पुरता सुटलेला नाहीं.

जन्म, बालपण व लग्न

रखमाबाईंचा जन्म मुंबई येथें इ. स. १८६४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २२ व्या तारखेस झाला. त्यांच्या वडिलांचें नांव जनार्दन पांडुरंग व मातुश्रींचें जयंतीबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणें जयंतीबाईंचें लग्न चौदाव्या वर्षीं झालें, पंधराव्या वर्षीं त्यांस ही कन्या झाली, आणि सतराव्या वर्षीं त्यांच्यावर वैधव्याचा घाला पडला. त्यांच्या ज्ञातींत विधवेच्या पुनर्विवाहास मनाई नव्हती. कांहीं वर्षांनीं त्यांनीं डॉक्टर सखाराम अर्जुन ह्या विद्वान गृहस्थांशीं लग्न केलें; आणि तसें करण्यापूर्वीं पहिल्या पतीकडून आलेली मिळकत मुलीच्या नांवें करून दिली. ही मिळकत पुढें तंट्यांत मोठें कारण म्हणून दाखविली जावयाची होती, यास्तव वाचकांनीं ती गोष्ट ध्यानांत ठेवावी.

डॉक्टर सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजांत अध्यापक, वनस्पतिशास्त्राचे जाणते, व १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मूळ संस्थापकांपैकीं एक होते. सावत्र मुलीवर त्यांनीं पोटच्या मुलीप्रमाणें माया केली. तथापि अशा सुधारलेल्या घरालाही रूढीपुढें मान लवविणें भाग पडलें. रखमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या असतां त्यांचें लग्न दादाजी भिकाजी ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशीं लावून देण्यांत आलें. दादाजी हे डॉक्टरांच्या नात्यांतीलच होते. त्यांनीं सासरवाडीस घरजांवई म्हणून राहावें, डॉक्टरांनीं त्यांचा भार सोसावा, व त्यांनीं शिकूनसवरून मार्गास लागावें, असें लग्नाच्या वेळीं बोलणें झालें होतें. पण बोलणें तें बोलणेंच राहिलें.

मुलगी वयांत येतांच संसार सुरू व्हावा अशी लोकरीत होती. डॉक्टर सखाराम अर्जुन हे वैद्य असल्यामुळें कोवळ्या वयांतील मातृत्वानें मुलींच्या देहाची कशी धूळधाण होते हें त्यांस ठाऊक होतें. त्यांनीं रखमाबाईंस सासरीं पाठविलें नाहीं. इकडे दादाजींचें चित्त अभ्यासांत रमेना. घरजांवयाची शिस्त त्यांस जाचूं लागली. त्यांच्या मातुश्री वारल्या, तेव्हां ते आपले मामा नारायण धर्माजी ह्यांच्या घरीं जाऊन राहिले. तेथें त्यांची शाळा सुटली, प्रकृति खालावली आणि डोक्यावर कर्ज झालें. मामांच्या घरची राहणीही रखमाबाईंस पटण्याजोगी नव्हती.

रखमाबाईंचीही शाळा लग्नाबरोबर सुटली होती; पण विद्येची गोडी सुटली नव्हती. फ्री चर्च मिशनच्या पुस्तकालयांतून पुस्तकें आणवून त्या घरींच वाचीत. एकीकडे बुद्धि वाढत होती, आणि दुसरीकडे, ज्याच्याशीं जन्माची गांठ घातली गेली त्याच्याविषयीं मनांत आदर उत्पन्न होण्यास कांहीं कारण घडत नव्हतें. अशा स्थितींत आठ वर्षें गेलीं. लग्न झालेलें होतें. परंतु संसार एक दिवसही झाला नव्हता.

फिर्याद

१८८४ च्या मार्च महिन्यांत दादाजींनीं सॉलिसिटरांमार्फत डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांस पत्र पाठवून आपली बायको आपल्या घरीं पाठविण्याची मागणी केली. डॉक्टरांनीं तिला अडवून धरलें नव्हतें. पण रखमाबाईंनीं स्वतःच जाण्याचें नाकारलें. नवरा प्रकृतीनें अशक्त, बायकोचें पोषण करण्यास असमर्थ, व ज्यांच्या आश्रयास तो राहतो त्यांचें घर आपल्याला राहण्यास अयोग्य, असें त्यांचें म्हणणें होतें. ह्यांच्या मुळाशीं आणखी एक गोष्ट होती, व तीच सर्वांत मोठी होती. ज्या लग्नास आपण समजत्या वयांत रुकार दिला नाहीं, त्याच्या जोरावर आपल्या देहावर कोणाचा हक्क चालावा हें त्यांस मान्य नव्हतें.

दादाजींचीही बाजू सांगितली पाहिजे. त्यांचें म्हणणें असें कीं लग्न शास्त्रविधीप्रमाणें झालें आहे, त्याविषयीं कोणाची तक्रार नाहीं. मिळकत हातची जाऊं नये म्हणून सासरचे लोक मुलीस फितवीत आहेत. बायको नांदावयास येत नाहीं तर नवऱ्यानें दाद तरी कोठें मागावी? त्यांनीं मुंबईच्या हायकोर्टांत फिर्याद केली. १८८५ च्या एप्रिलांत डॉक्टर सखाराम अर्जुन वारले. वीस वर्षांच्या मुलीचा मोठा आधार ऐन वेळीं गेला.

त्या जूनच्या २६ तारखेस टाइम्स ऑफ इंडिया ह्या वर्तमानपत्रांत बालविवाहाविषयीं एक पत्र छापून आलें. खालीं एक हिंदु स्त्री एवढीच सही होती. बालपणीं झालेल्या लग्नामुळें मुलींची विद्या कशी खुंटते व त्यांचें सर्व आयुष्य कसें परावलंबी होतें हें त्यांत सरळ भाषेंत मांडलेलें होतें. सक्तीच्या वैधव्याविषयीं दुसरें पत्र १९ सप्टेंबर रोजीं आलें. आणि त्याच दिवशीं हायकोर्टांत दादाजींची फिर्याद चौकशीस निघाली. पत्रें लिहिणारी बाई आणि प्रतिवादी ह्या एकच, हें लोकांस मागाहून समजलें.

कोर्टाच्या हातचें हत्यार

आतां ही नांदावयास येण्याची फिर्याद मुळांत आली कोठून, हें थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील हकीकत नीट समजणार नाहीं. हिंदु शास्त्रग्रंथांत पतिपत्नींचीं कर्तव्यें सविस्तर सांगितलेलीं आहेत. परंतु बायको आली नाहीं तर राजाच्या कचेरींत फिर्याद करून तिला आणवावी अशी योजना त्यांत आढळत नाहीं. ही रीत इंग्लंडांतील. तेथें लग्नाचे तंटे कित्येक शतकें चर्चच्या कोर्टांत चालत. सबळ कारणावांचून विभक्त राहणाऱ्या नवऱ्यास किंवा बायकोस पुन्हां एकत्र राहण्याचा हुकूम तें कोर्ट करी. १८५७ सालीं कायदा होऊन तें काम तेथें चर्चच्या हातून काढून दिवाणी कोर्टाकडे देण्यांत आलें.

हिंदुस्थानांत ही रीत कोणास लागू करावी ह्याविषयीं प्रथम मोठा गोंधळ होता. मुंबईंतीलच एका पारशी बाईनें आपल्या नवऱ्यावर अशी फिर्याद केली, तेव्हां १८५६ सालीं विलायतेंतील प्रिव्ही कौन्सिलानें निर्णय दिला कीं, ख्रिस्ती चर्चच्या कोर्टाचा अधिकार पारशांच्या लग्नास लागू करतां येत नाहीं. त्यांनीं दिवाणी कोर्टाकडे जावें. पुढें १८६७ सालीं एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यांत त्याच कौन्सिलानें ठरविलें कीं, दिवाणी कोर्टांस अशी फिर्याद ऐकण्याचा अधिकार आहे. मात्र निर्णय करतांना त्या पक्षकारांचा स्वतःचा धर्मशास्त्रीय कायदा पाहिला पाहिजे. अशा रीतीनें चर्चच्या कोर्टांतून निघालेलें हत्यार दिवाणी न्यायाधीशाच्या हातीं आलें, आणि ज्या धर्मांत तें मुळीं नव्हतेंच त्या धर्माच्या लग्नांवरही तें चालूं लागलें.

त्यास धार लावली ती दिवाणी कामाच्या कायद्यानें. १८८२ च्या त्या कायद्याच्या २६० व्या कलमांत करार पुरा करण्याचे हुकूमनामे व नांदण्याचे हुकूमनामे एकाच ओळींत घातलेले होते. दोहोंची बजावणी एकाच रीतीनें व्हावयाची, ती म्हणजे प्रतिवादीस कैद, किंवा त्याच्या मिळकतीची जप्ती, किंवा दोन्ही. म्हणजे लग्न लागलें तें संस्कार म्हणून, आणि वसूल व्हावयाचें तें करार म्हणून. करारास दोन्ही पक्षांचा रुकार लागतो. पण अकरा वर्षांच्या मुलीचा रुकार कोणीं घेतला होता, हें ह्या कलमांत विचारलेलें नव्हतें.

पहिला निकाल

रखमाबाईंच्या बाजूनें उभे राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. न्यायमूर्ति पिनी ह्यांजपुढें काम चाललें आणि १८८५ च्या सप्टेंबरच्या २१ व्या तारखेस त्यांनीं दादाजींची फिर्याद काढून टाकली. त्यांच्या निकालाचा मतलब असा होता. इंग्लंडांतील फिर्याद ही जीं माणसें प्रौढपणीं आपखुषीनें लग्न करून एकत्र राहिलीं व मग विभक्त झालीं, त्यांस पुन्हां एकत्र आणण्यासाठीं आहे. येथें तर उभयतां कधीं एकत्र राहिलेलींच नाहींत. मुलगी असहाय बालपणीं लग्नांत दिली गेली. आतां ती जाणती झाली असून नाहीं म्हणत आहे. अशा बाईस तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणें निर्दयपणाचें होईल. हिंदु शास्त्रांत अशा सक्तीस आधार दाखविलेला नाहीं, आणि इंग्लंडचा कायदा इतका ताणण्यास आपण बांधलेले नाहीं.

ह्या निकालानें देशभर खळबळ उडाली. सुधारकांस आनंद झाला. बेहरामजी मलबारी हे त्यांत पुढें होते. उलट पक्षीं पुष्कळ विद्वान लोकांस वाटलें कीं, परकी न्यायाधीश आमच्या विवाहसंस्थेच्या मुळावर कुऱ्हाड घालीत आहे. केसरीनें कडक टीका केली. मुलींस शिक्षण दिल्याचा हा परिणाम होय असेंही म्हणणारे निघाले. गंमत अशी कीं, ज्या फिर्यादीस शास्त्रांत आधार नव्हता तिचाच कैवार शास्त्राच्या नांवानें घेतला जाऊं लागला.

अपील व हुकूमनामा

दादाजींनीं अपील केलें. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ति बेली ह्यांनीं १८८६ च्या मार्चांत पिनीसाहेबांचा निकाल फिरविला. त्यांनीं असें धरलें कीं, हिंदु लग्न धर्मविधि पुरा होतांच पूर्ण होतें. नंतर एकत्र राहणें झालें किंवा न झालें ह्यानें नवऱ्याच्या हक्कांत फरक पडत नाहीं. अशा फिर्यादी हिंदुस्थानांतील दिवाणी कोर्टें पूर्वींपासून ऐकत आलीं आहेत. बायकोस नवरा आवडत नाहीं, किंवा लहानपणीं तिची संमति घेतली नव्हती, एवढ्या कारणावरून कोर्टास हात आखडतां येणार नाहीं. खटला पुन्हां चौकशीसाठीं खालीं धाडण्यांत आला.

येथें वाचकांनीं थोडें थांबून पाहावें. दोन्ही निकाल देणारे न्यायाधीश विद्वान व प्रामाणिक होते. एकानें विचारलें, ह्या बाईस जबरीनें पाठविण्याचा मला अधिकार आहे काय? दुसऱ्यांनीं विचारलें, हें लग्न धर्माप्रमाणें पुरें झालें आहे काय? प्रश्न निराळे, म्हणून उत्तरें निराळीं. लग्न धर्मानें पुरें झालें असें ठरतांच सक्तीचा हक्कही धर्मानेंच दिला आहे असें मानून चालणें, ह्यांतच सर्व अनर्थाचें बीज होतें.

दुसऱ्या चौकशीचा निकाल न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं १८८७ च्या मार्चच्या ४ थ्या तारखेस दिला. अपिलांतील निर्णय त्यांस बंधनकारक होता. रखमाबाईंनीं एका महिन्याच्या आंत नवऱ्याच्या घरीं जावें, न गेल्यास सहा महिन्यांची कैद भोगावी, असा प्रकार आला. रखमाबाईंनीं शांतपणें कळविलें कीं, आपण कैद भोगूं, पण जाणार नाहीं. त्यावेळीं त्यांचें वय बावीस वर्षांचें होतें. ह्याच्या सहाच दिवस आधीं पुण्यास डॉक्टर आनंदीबाई जोशी क्षयानें वारल्या होत्या. एक विद्वान बाई विद्या संपादून आली ती सेवेस आरंभ करण्यापूर्वींच गेली, आणि दुसरी विद्येसाठीं झुरत असतां तिच्यापुढें तुरुंगाचें दार उघडें झालें, असा तो आठवडा होता.

हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे कीं, ज्या इंग्लंडांतून ही फिर्याद आली त्या देशानें असा हुकूम न मानणाऱ्यास कैदेंत घालण्याची रीत १८८४ सालींच रद्द केली होती. म्हणजे लंडनांतील बाईस ज्या कारणासाठीं तुरुंग दाखवितां येत नव्हता, त्याच कारणासाठीं मुंबईंतील बाईस तो दाखविला गेला.

आपल्या मंडळ्यांस ह्यांत आणखी एक गोष्ट दिसेल. ह्याच सरकारनें १८६६ सालीं ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या विवाहासंबंधीं एक कायदा केला होता. धर्मांतरामुळें नवऱ्यानें किंवा बायकोनें जोडीदारास टाकलें असतां कोर्टांत अर्ज करावा. न्यायाधीशानें त्या दुसऱ्या पक्षास, तूं ह्याजबरोबर नांदण्यास राजी आहेस काय, असें विचारावें. नकार आल्यास एक वर्ष वाट पाहून पुन्हां विचारावें. आणि तरीही नकारच आला तर लग्न मोडून दोघांसही मोकळें करावें, अशी त्यांत तजवीज होती. त्या कायद्यानें दुःखें उत्पन्न झालीं नाहींत असें नाहीं. तथापि तेथें बाईचा नकार हें उत्तर म्हणून ऐकून घेतलें जाई. रखमाबाईंचा नकार मात्र वीस वर्षांनंतरही अपराध ठरला.

तडजोड

खटल्याची वार्ता समुद्रापार गेली. रखमाबाईंचें पत्र विलायतेच्या टाइम्समध्यें छापलें गेलें. संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर ह्यांनीं त्यांची बाजू घेतली. पंडिता रमाबाई त्या वेळीं अमेरिकेंत होत्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीविषयींचें त्यांचें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं तेथें प्रसिद्ध झालें, त्यांत त्यांनीं ह्या खटल्याची हकीकत घालून कोर्टाच्या निर्णयावर आपलें दुःख व्यक्त केलें. मुंबईंत रखमाबाईंच्या साहाय्यार्थ एक कमिटी स्थापन झाली. एल्फिन्स्टन कॉलेजाचे प्रिन्सिपॉल वर्डस्वर्थ हे तिच्या पुरस्कर्त्यांत होते.

शेवटीं १८८८ च्या जुलैंत तडजोड झाली. दादाजींनीं दोन हजार रुपये घेऊन हुकूमनाम्याची बजावणी सोडून दिली. रखमाबाई तुरुंगांत गेल्या नाहींत. व्हिक्टोरिया राणीनें हें लग्न आपल्या हुकुमानें मोडलें असें कोठें कोठें लिहिलेलें आढळतें. तें खरें नव्हे. लग्न मोडलें नाहीं. मोडण्याचा मार्गच त्या काळच्या हिंदु कायद्यांत बाईस नव्हता. दादाजींस दुसरी बायको करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाई मात्र कायद्यानें त्यांच्याच पत्नी राहिल्या. कोर्टानें चार वर्षांत एवढेंच केलें कीं, जें धर्मानें बांधलें होतें तें सोडलें नाहीं, आणि जें मनानें जुळलें नव्हतें तें जुळविलें नाहीं.

विद्या व सेवा

डॉक्टरीण व्हावें ही रखमाबाईंची जुनी इच्छा होती. मुंबईच्या कामा हॉस्पिटलांतील डॉक्टर एडिथ पीची ह्यांनीं त्यांस उत्तेजन दिलें व पैशाची जुळवाजुळव करण्यास हात दिला. १८८९ सालीं त्या विलायतेस जाऊन लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाल्या. पुरी पांच वर्षें अभ्यास करून १८९४ सालीं त्या परीक्षा उतरल्या. नंतर स्वदेशीं परत येऊन त्यांनीं सुरत येथील स्त्रियांच्या इस्पितळाचें काम अंगावर घेतलें व तेथें वीस वर्षांवर सेवा केली. १९१८ पासून त्या राजकोटच्या जनाना इस्पितळाच्या मुख्य होत्या. तेथें सुमारें बारा वर्षें काम करून त्या निवृत्त झाल्या. दोन्ही ठिकाणीं मिळून पस्तीस वर्षें त्यांचा सर्व वेळ बाळंतिणी, तान्हीं मुलें व पडद्यांतील आजारी बाया ह्यांच्यांतच गेला. १९२९ सालीं त्यांनीं पडदापद्धति बंद व्हावी म्हणून एक पुस्तिकाही लिहिली.

ज्यांच्या घरीं जाण्यापेक्षां रखमाबाईंनीं तुरुंग बरा मानला, ते दादाजी १९०४ सालीं वारले. तेव्हां रखमाबाईंनीं विधवेचीं पांढरीं वस्त्रें धारण केलीं. ह्या त्यांच्या वर्तनाचा पुष्कळांस उलगडा होत नाहीं. परंतु नीट विचार केला असतां त्यांत विसंगति दिसत नाहीं. लग्न झालें ही गोष्ट त्यांनीं कोर्टांतही नाकारली नव्हती. त्यांनीं नाकारली होती ती सक्ती. लोकरीतीप्रमाणें आपल्या अंगास आलेलें वैधव्य त्यांनीं आपण होऊन पत्करलें; कोणाच्या हुकुमानें नव्हे.

पुढें कायदा कसा बदलला

रखमाबाईंच्या खटल्यानें बालविवाहाचा प्रश्न सरकारच्या दारीं नेऊन ठेवला. १८९१ सालीं मुलीच्या संमतीचें वय दहांचें बारा करण्यांत आलें. १९२३ सालीं दिवाणी कायद्यांत दुरुस्ती होऊन नांदावयास न जाणाऱ्यास कैद करण्याची तरतूद काढून टाकली गेली. त्यावेळीं रखमाबाई राजकोटास काम करीत होत्या, व त्यांच्या खटल्यास छत्तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. १९२९ च्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरलें. मुंबई प्रांतांत १९४६ सालीं हिंदु पुरुषास एक बायको असतां दुसरी करण्याची बंदी झाली, व १९४७ सालीं हिंदु स्त्रीपुरुषांस घटस्फोट मागण्याचा हक्क मिळाला. १९५५ चा हिंदु विवाह कायदा त्या सालच्या मे महिन्यांत अमलांत आला. आणि त्याच सालीं सप्टेंबरच्या २५ व्या तारखेस, नव्वद वर्षांचें वय पुरें करून, रखमाबाईंनीं ह्या जगाचा निरोप घेतला.

परंतु नांदावयास येण्याची फिर्याद मात्र गेली नाहीं. ती हिंदु विवाह कायद्याच्या ९ व्या कलमांत आहे. आणि ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यांतही आहे. इंग्लंडानें ती आपल्या देशांतून १९७० सालीं काढून टाकली. आपल्या देशांत १९८३ सालीं आंध्र हायकोर्टानें हिंदु कायद्यांतील हें कलम राज्यघटनेविरुद्ध ठरविलें. पण पुढच्याच वर्षीं दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानें एका दुसऱ्या खटल्यांत तें कायम ठेविलें. आजही हुकूमनामा होऊं शकतो. तो न मानणाऱ्यास कैद होत नाहीं, परंतु मिळकत जप्त होऊं शकते, व हुकूम होऊन एक वर्षपर्यंत पतिपत्नी एकत्र न आल्यास त्याच आधारावर घटस्फोट मागतां येतो. म्हणजे ज्या कागदावर एकत्र राहण्याचा हुकूम लिहिलेला असतो, तोच कागद पुष्कळदां विभक्त होण्याच्या कामीं येतो.

ह्या चरित्रापासून काय घ्यावें

रखमाबाईंचा खटला हा केवळ हिंदु समाजाचा जुना कज्जा आहे असें समजून कोणीं पुस्तक मिटवूं नये. आपल्या खेड्यापाड्यांतही मुलगी माहेरीं येऊन बसते, नवऱ्याकडचे लोक वकिलाची नोटीस पाठवितात, आणि मंडळींतील वडील मनुष्यें तिला जा म्हणून सांगतात. पण ती कां जात नाहीं हें बसून ऐकून घेणारें माणूस क्वचितच असतें. कोर्ट लग्नाची नोंद वाचूं शकतें, साक्षीदार तपासूं शकतें, विधि पुरा झाला कीं नाहीं तें सांगूं शकतें. धर्माच्या लग्नाचा अर्थ करतांना दिवाणी न्यायाधीशाची पोंच तेथवरच आहे. घर कोर्टास बांधतां येत नाहीं.

म्हणून जें विचारावयाचें तें लग्नाआधींच विचारावें. दादाजींनीं शिकावें व घरजांवई राहावें हें बोलणें तोंडीं झालें. तें मोडल्यावर दोन्ही घरांनीं आपापल्या परी त्याचा अर्थ केला, आणि निकालांत त्या बोलण्यास कांहींच स्थान मिळालें नाहीं. सोयरीक जुळवितांना जीं वचनें दिलीं जातात तीं चार माणसांसमोर स्पष्ट व्हावीं, शक्य तर लिहिलीं जावीं. आणि सर्वांआधीं, जिचें लग्न व्हावयाचें तिला, ती समजत्या वयाची झाल्यावर, एकांतांत व प्रेमानें विचारावें. तिनें हो म्हटलें तर उत्तम. तिनें नाहीं म्हटलें तर तो नकार घरांतच ऐकून घ्यावा. म्हणजे तो पुढें न्यायाधीशापुढें उभें राहून सांगण्याचा प्रसंग तिच्यावर येणार नाहीं. रखमाबाईंस हा प्रश्न अकराव्या वर्षीं कोणीं विचारला नाहीं. आणि बाविसाव्या वर्षीं त्यांनीं आपण होऊन उत्तर दिलें तेव्हां त्यांच्यापुढें तुरुंग ठेवण्यांत आला.